धडधाकट

लीतियाने आईच्या, ऊलायुकच्या, उजव्या पायात बूट चढवला, वरची नाडी आवळली आणि ती डाव्या पायाकडे वळली. तेवढ्यात ऊलायुकने वाकून उजवा बूट सोडला आणि कोचाखाली सरकवून दिला.

"आई!"

"पाय शिजतात गं त्यात, दादा."

"बाहेर थुंकी गोठतेय आणि तुझे पाय शिजतात?"

"मी कुठे बाहेर आहे?"

लीतिया डावा बूट हातात धरून जमिनीवर तशीच बसून राहिली. दाराशी चार पायांची ती चालायची चौकट उभी होती. दवाखान्याने दिली तेव्हापासून तिचा उपयोग एवढाच, की तिच्यावर हातमोजे छान वाळत.

पन्नाशी उलटलेल्या, नातवंडाची वाट पाहणाऱ्या या बाईला तिची आई जन्मापासून दादा म्हणत आली होती, आणि पार उत्तरेकडच्या त्या बर्फाळ गावात त्याचं कोणाला नवल नव्हतं. ऊलायुकचा थोरला भाऊ अलुकी सीलच्या शिकारीला गेला असताना बर्फ फुटून वाहून गेला आणि त्याच वर्षी ही मुलगी झाली. त्याचं नाव तिला मिळालं. नाव मिळालं म्हणजे गेलेलं माणूस घरी परत आलं. मग त्याला पूर्वी ज्या नात्याने हाक मारत होतो त्याच नात्याने मारायची. शाळेच्या दाखल्यावर ती लीतिया होती, घरात दादा. लहानपणी तिने कितीही आगाऊपणा केला तरी आईने कधी हात उगारला नाही. थोरल्या भावावर कोण हात उगारतं?

"बरं, बाहेर नको," लीतिया म्हणाली. "नुसती उभी राहा. खिडकीपर्यंत चल. मी धरते."

"खिडकीत काय आहे?"

"समुद्र आहे."

"तो इथूनही दिसतो."

हिवाळ्याच्या तोंडी ऊलायुकला छातीचा ताप आला होता. ताप उतरला, खोकला गेला, पण पाय गेले ते गेलेच. तेव्हापासून सकाळी लीतिया तिला काखेत धरून पलंगावरून कोचावर आणायची, संध्याकाळी कोचावरून पलंगावर न्यायची. मधल्या वेळात बाथरूमपर्यंत भिंत धरून कसंबसं जमतं, असं ऊलायुक सांगायची. जेवण मात्र झकास चाललं होतं. वाटीभर सीलचं मटण आणि वर चहा, त्यात कधी खंड नाही.

दवाखान्यातली नर्स ब्रिजिट दक्षिणेकडची होती, पण गावात बरीच वर्षं टिकली होती आणि बाई वाईट नव्हती. तिने लीतियाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडी समुद्रावरचा बर्फ फुटायच्या आधी एक तपासणी होईल. ऊलायुकने खुर्चीतून आपलं आपण उठायचं, दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. जमलं तर ती घरी राहील. नाही जमलं तर तिला दक्षिणेत, वृद्धांच्या निवासात पाठवावं लागेल. अशा माणसाला दिवसभर सांभाळायला गावात जागा नव्हती, आणि लीतिया दिवसभर कामावर असायची.

त्या निवासात गावातली काही माणसं गेली होती. त्यातली जी परत आली ती विमानाच्या मागच्या भागात, सामानाबरोबर आली.

लीतियाचं काम काय, तर गावाला हलतं ठेवायचं. गावाच्या कचेरीने तिला त्यासाठीच नेमलं होतं. घराघरांत साखरेचं दुखणं शिरलं होतं, तिशीतल्या पोरांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि समोरच्या दुकानातून दूध आणायचं तरी लोक बर्फगाडी चालू करत. लीतियाने शाळेचा हॉल मागून घेतला. रोज सकाळी गावच्या रेडिओवर तिचा आवाज यायचा: "उठा, हॉलमध्ये या. मला शिव्या द्यायच्या तर चालता चालता द्या." पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने म्हाताऱ्या मोसेसीला त्याच्या अ‍ॅकॉर्डियनसकट आणून कोपऱ्यात बसवलं, आणि मग बायका आल्या, कारण मोसेसी वाजवत असताना कोणत्याही बाईचा पाय जागेवर राहत नाही. बायकांमागून पुरुष आले. हळूहळू सकाळच्या वेळी निम्मं गाव भिंतीच्या कडेने गोल गोल फिरायला लागलं.

"एवढं चाललो," मोसेसी स्वतःची फेरी संपवून घाम पुसत म्हणायचा, "एक ससासुद्धा दिसला नाही."

लोक हसायचे. मग तो बाजा मांडीवर घेऊन लीतियाकडे पाहत हळूच टोचायचा.

"सगळ्या गावाला पळवलंस. तुझी आई तेवढी कोचाला चिकटली."

"तू ये ना आमच्याकडे. तिच्यासमोर वाजव."

"वाजवलं की. तू नव्हतीस तेव्हा येऊन गेलो. मान डोलावली तिने, चहा दिला, आणि..." मोसेसी थांबला. मग त्याने बाजाचा भाता नुसताच ओढला. "नाही उठली."

चहा कोणी दिला, हा प्रश्न लीतियाच्या मनात त्या वेळी आला नाही. तिच्या डोक्यात फक्त ती तपासणी होती. आईला नेतील, तिथल्या खोलीत तिची भाषा बोलणारं कोणी नसेल, कच्च्या माशाचा तुकडा तिला कोणी देणार नाही, आणि एक दिवस फोन येईल. रात्रीचं सोडा, भर दिवसा हॉलमध्ये लोकांना टाळ्या वाजवून पळवत असतानाही हे तिचा पिच्छा सोडत नसे. तिने आईला गोडीने सांगितलं, रागावून सांगितलं, रडूनही सांगितलं. एकदा तर गरोदर शीबाला, आपल्या मुलीला, बरोबर आणून समोर बसवलं.

"आजी, माझं बाळ चालायला लागेल तेव्हा त्याचा हात कोण धरणार?" शीबाने लीतियाने पढवलेलं वाक्य म्हणून दाखवलं.

ऊलायुकने नातीच्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले. पण ती उठली नाही.

एप्रिल सरत आला. ऊन इतकं झालं की बर्फाकडे उघड्या डोळ्यांनी बघवेना. एके दिवशी शाळेची गरम हवेची भट्टी बंद पडली, हॉल थंडगार झाला, आणि लीतियाने सगळ्यांना घरी पाठवलं. मोसेसी बाजा पोटाशी धरून कुरकुरत गेला. लीतिया हॉलला कुलूप लावून शाळेमागच्या उतारावर आली, तेव्हा तिला खाली किनाऱ्यालगतच्या बर्फावर कोणीतरी चालताना दिसलं.

कोणाचं तरी पोर शाळा चुकवून आलंय, असं तिला आधी वाटलं. आकृती लहानशी होती आणि भराभर चालत होती. खाडीच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत निघाली. हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित पुढे. हातात काठी नाही. लीतियाने डोळ्यांवर हात आडवा धरला, आणि ती चाल ओळखली.

तिला पहिल्यांदा आनंदच झाला. इतका झाला की ती उतारावरून जवळजवळ धावत सुटली. अर्ध्या वाटेवर तो आनंद ओसरला आणि त्या जागी राग आला. किनाऱ्याशी पोचेपर्यंत रागही उरला नव्हता. नुसतीच धाप लागली होती.

"आई."

ऊलायुक थांबली. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखं तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"आज हॉल नाही?"

"भट्टी बंद पडली." लीतियाचा श्वास जागेवर येत नव्हता. "तू चालतेस."

"चालते."

"कधीपासून?"

"दिवस मोठा व्हायला लागला तेव्हापासून. तुम्ही सगळे तिकडे गोल फिरता ना, तेव्हा इकडे कोणी नसतं."

"आणि मी रोज तुला उचलते! माझी कंबर गेली, आई. रडले मी तुझ्यापुढे."

"तुझ्या कमरेचं मला फार वाईट वाटतं," ऊलायुक म्हणाली, आणि ते खरंच होतं, कारण तिने लगेच लीतियाच्या कमरेवर हात ठेवला. "बस. उभी राहू नकोस."

किनाऱ्यावर कोणाची तरी होडी पालथी घालून ठेवली होती. दोघी तिच्यावर बसल्या. समोर खाडी पांढरी पसरली होती. ऊलायुकने हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"होडी इथेच लागली होती," ती म्हणाली. "मोठी बोट तिथे बाहेर उभी होती. तिला इतक्या जवळ येता येत नव्हतं. आम्हा सगळ्यांना होडीतून बोटीवर नेलं. एका यंत्रापुढे उभं करायचे, छाती उघडी करून. यंत्र बर्फासारखं गार होतं. मग आईच्या हातावर त्यांनी शाईने काहीतरी लिहिलं. माझ्या हातावर लिहिलं नाही. ज्यांच्या हातावर लिहिलं ते बोटीवर राहणार, हे मला कळलं. मग मी खोकले. खूप खोकले. दादा, तुला आठवतं?"

लीतियाला काय आठवणार? आजीला क्षयाचे रोगी दक्षिणेत नेणाऱ्या बोटीने नेलं आणि ती परत आली नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. आई त्याबद्दल कधी बोलली नव्हती. पण अलुकीच्या नात्याने असं विचारल्यावर नाही म्हणायची रीत नव्हती.

"आठवतं," ती म्हणाली.

"तो गोरा माणूस हसला. चांगला होता बिचारा. माझ्या डोक्यावर त्याने हात ठेवला, म्हणाला, ही धडधाकट आहे, आणि मला परतीच्या होडीत बसवलं. आई वरून बघत होती. किनाऱ्याला लागल्यावर मी पाण्यात धावले. तू मला पकडलंस. तूही केवढासा होतास, पण काय पकड होती तुझी! इथे, कोपराच्या वर, बोटं रुतली होती. मी तुला चावले, तरी सोडलं नाहीस. बोट दिसेनाशी होईपर्यंत सोडलं नाहीस."

तिने बाहीवरून कोपराच्या वरची जागा चोळली.

"नंतर निरोप नाही, काही नाही. दर उन्हाळ्यात बोट यायची, त्यातून कोणी कोणी परत यायचं. बाबा किनाऱ्यावर उभे राहायचे. मग एका उन्हाळ्यात ते उभे राहिले नाहीत."

लीतियाने आईचा हात आपल्या हातात घेतला. तो गरम होता, चालून चालून गरम झालेला.

"आता मागच्या शरदात ती माणसं आली होती," ऊलायुक पुढे म्हणाली. "तूच हॉलमध्ये खुर्च्या मांडल्यास."

लीतियाला ते आठवलं. बोटीने नेलेल्यांच्या कबरी शोधणारी माणसं होती ती. आजीची कबर दक्षिणेतल्या एका शहरात सापडली, असं त्यांनी आईला सांगितलं तेव्हा लीतिया शेजारीच चहाचं भांडं घेऊन उभी होती. आईने मान हलवली होती, पाव संपवला होता, आणि घरी चल म्हणाली होती. त्यानंतर महिन्याभरात तिला ताप आला, आणि पाय गेले. या दोन गोष्टींचा संबंध लीतियाने कधी जोडला नाही. गावाच्या गुडघ्यांची नोंद तिला तोंडपाठ होती, आणि आईच्या मनातलं तिला दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"झाडांमध्ये आहे म्हणे," ऊलायुक म्हणाली. "चहूकडे उंच झाडं. तिला तिथून काय दिसत असेल?"

"मला सांगायचं होतंस, आई. मी नेलं असतं तुला."

"धडधाकट माणसाला तिकडे कोण नेतं?"

विमान येतं, त्यात कोणीही बसू शकतं, हे सांगायचं लीतियाच्या ओठांवर होतं. पण ती आठवत गेली. मोसेसी डोळ्यांसाठी गेला होता. शेजारीण मूत्रपिंडासाठी गेली ती तिकडेच राहिली. ती स्वतः एकदाच गेली होती, पोट कापायला. या गावातून नुसताच, काही दुखत नसताना दक्षिणेला गेलेला माणूस आठवायला तिला बराच वेळ लागला, आणि तरी आठवला नाही.

"म्हणून तू पाय गेल्याचं सोंग केलंस."

"खोकला त्यांना खोटा कळतो. यंत्र असतं. पायांना यंत्र नाही."

"आणि मग हे चालणं कशाला?"

ऊलायुकने तिच्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही कसं समजत नाही हिला.

"तिथे ते मला चाकाच्या खुर्चीत बसवतील. खुर्चीतून मला आईकडे कोण नेणार आहे? ती त्यांची कोण? मग एक दिवस मी उठेन आणि चालत जाईन. शहर मोठं असतं म्हणतात. पाय तयार हवेत. तूच रोज रेडिओवर ओरडतेस ना, चाला, चाला म्हणून."

लीतियाला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबर डोळ्यांतून पाणी आलं. सबंध गावात तिचं सांगणं इतकं मनावर कोणीच घेतलं नव्हतं.

"तिथे ठेवलेली माणसं परत येत नाहीत, आई."

"आईही नाही आली."

"आपण दोघी जाऊ. मी काहीतरी करते. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी," ऊलायुक त्या शब्दांना वजन किती आहे हे बघितल्यासारखी म्हणाली.

लीतियाला एकदम काहीतरी सुचलं. ती आईकडे वळली.

"तिचं नाव काय होतं?"

गावातली जुनी माणसं त्या बाईला 'बोटीवर गेलेली' एवढंच म्हणत, आणि ती माणसंही आता उरली नव्हती. ऊलायुकला तीन मुलं झाली. तिने त्यांना भावाचं नाव दिलं, वडिलांचं दिलं, एका शेजारणीचंसुद्धा दिलं. आईचं दिलं नाही. शीबा झाली तेव्हाही दिलं नाही. लीतियाने ते कधी विचारलं नव्हतं; काही घरांत काही गोष्टी विचारायच्या नसतात.

"नाव दिलं की ती गेली," ऊलायुक म्हणाली. "ती गेली असं मला कोणी सांगितलंच नव्हतं."

"आता सांगितलं ना."

"त्यांनी सांगितलं. मी पाहिलं नाही." तिने हातमोजे चढवले. "तेव्हा तू मला धरून ठेवलंस, दादा. तुझं चुकलं नाही. बुडाले असते मी. पण आता सोड मला."

दोघी उठल्या आणि घराकडे निघाल्या. पहिलं घर दिसू लागताच ऊलायुकने तिचा दंड पकडला, अंग तिच्यावर टाकलं, आणि ती पाय ओढत चालायला लागली.

तपासणीपर्यंतचे दिवस लीतियाने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. रेडिओवरचा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. सकाळी ती आईला काखेत धरून कोचावर आणायची. आई तिच्यावर भार टाकायची, आणि तो भार टाकलेला आहे हे आता दोघींना माहीत होतं. बुटांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. नर्सला खरं सांगितलं, की आई राहील. तेवढ्याने सगळं मिटत होतं. पण मग प्रत्येक सकाळी कोचावर बसलेली आई तिच्याकडे बघणार होती, आणि ते बघणं लीतियाला सोसणार नव्हतं. आणि गप्प राहिलं, तर कोच रिकामा. एकदा तिने रिकाम्या कोचावर स्वतः बसून पाहिलं. तिथून समुद्र दिसत होता, खरंच.

तपासणीच्या दिवशी शीबाच्या नवऱ्याने दोघींना बर्फगाडीमागच्या घसरगाडीत बसवून दवाखान्यात सोडलं. ब्रिजिटने खुर्ची मधोमध ठेवली होती. ऊलायुकला तिने आपुलकीने बसवलं, रक्तदाब पाहिला, छाती ऐकली. तिला इथली भाषा जुजबी येत होती, ऊलायुकला इंग्रजी तेवढंच. मधे लीतिया.

"तिला सांग, उठायचा प्रयत्न कर म्हणावं."

लीतियाने सांगितलं. ऊलायुकने खुर्चीचे हात धरले, खांदे उचलले, चेहरा वेडावाकडा केला आणि मागे टेकली. छान वठवलं होतं. लीतियाने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

ब्रिजिट स्टूल ओढून लीतियासमोर बसली.

"लीतिया, मला हिला पाठवायचं नाहीये. तुला माहीत आहे. आज विमानाबरोबर माझा निर्णय जाईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. घरी कधीतरी ती स्वतः उठलेली तू पाहिली आहेस का? एकदा जरी पाहिली असशील, तरी मी हे सगळं थांबवते."

लीतिया आईच्या खुर्चीशेजारी उभी होती. तिने खिडकीकडे पाहिलं. मग नर्सकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "तिला चालता येत नाही."

आवाज स्वच्छ होता, रेडिओवर असतो तसा. ब्रिजिटने मान खाली घातली. इंग्रजी असलं तरी 'नाही' कळायला भाषा लागत नाही, आणि नर्सचा चेहरा तर ऊलायुकला सरळ दिसत होता. तिचं काम झालं होतं. तिने लेकीकडे मान वर करून पाहिलं.

लीतिया खिडकीकडेच बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटले होते आणि हनुवटी लहान मुलीसारखी थरथरत होती. तिचा हात आईच्या बाहीवर होता, कोपराच्या वर. तो तिथे कधी गेला हे तिला कळलं नसावं. बोटं अशी रुतली होती की नखं पांढरी पडली होती.

ऊलायुक त्या हाताकडे पाहत राहिली. नर्स उठून टेबलाशी गेली, खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, तरी ती पाहत होती. मग तिने आपला दुसरा हात त्या बोटांवर ठेवला, थोपटल्यासारखं केलं, आणि उठून उभी राहिली.

"आई," लीतिया आपल्या भाषेत घाईघाईने म्हणाली, "बस खाली. मी सांगितलंय तिला. झालंय सगळं."

"ऐकलं मी."

"बस ना!"

ऊलायुक दारापर्यंत गेली. हात पाठीमागे बांधलेले, मान किंचित पुढे. दाराला हात लावून ती वळली आणि परत आली, खुर्चीवरून पुढे होत लेकीसमोर येऊन थांबली. ब्रिजिट पेन हातात धरून नुसती उभी होती. तिने काय समजायचं ते समजून घेतलं असावं, कारण तिने काही विचारलं नाही. फक्त लीतियाला रुमाल आणून दिला आणि पाठ करून औषधांचं कपाट उगाचच लावत बसली.

"एवढी मोठी झालीस," ऊलायुक हळूच म्हणाली, "आणि रडतेस कशी! चल, पोरी."

पोरी. लीतियाला तिने आजवर या नावाने कधी हाक मारली नव्हती.

दोघी बाहेर आल्या. ऊन बर्फावरून डोळ्यांत घुसत होतं. मोसेसीने आपली बर्फगाडी त्यांच्याजवळ आणून थांबवली, ऊलायुकला अशी उघड उघड, चारचौघांत पायांवर उभी पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग बसा म्हणून तो पुढे सरकला. ऊलायुकने हातानेच त्याला जायला सांगितलं. ती घराच्या वळणावर वळली नाही. पुढच्या गल्लीत, शीबाच्या घराकडे चालत राहिली. मधे दोनदा दम खायला थांबली. लीतिया तिच्या मागे होती. आई कुठे निघाली आहे हे तिने विचारलं नाही.

शीबा पलंगावर बसून बाळाची दुपटी घडी करत होती. दार उघडून आजी आत आलेली पाहून तिने दुपटं हातातून सोडलं.

"आजी! तू... आई, ही कशी आली?"

"चालत," लीतिया म्हणाली.

ऊलायुक पलंगाच्या कडेशी गुडघ्यांवर बसली. धाप लागली होती, ती जिरेपर्यंत थांबली. मग टोपी काढून तिने नातीच्या पोटावर दोन्ही हात ठेवले.

"तातिगाक," ती म्हणाली.

लीतियाने हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. तरी ते कोणाचं हे तिला सांगावं लागलं नाही. ती दाराशीच उभी राहिली, आणि शीबा एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघत राहिली.

ऊलायुकने गाल पोटाला टेकवला. कोणीतरी आतून ऐकत असेल इतक्याच आवाजात ती बोलली.

"सावकाश ये, आई. आम्ही इथेच आहोत."